काचगृहातील दोन मित्र

१९२६ साली इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात, एल्स्ट्री या गावी, काचगृहात टोमॅटोची लागवड करणाऱ्या एका बागाईतदाराला आपल्या झाडांवर एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या माशीची पिल्ले नेहमीप्रमाणे चिकटून बसलेली होती. परंतु नेहमीच्या फिकट पांढऱ्या पिल्लांमध्ये काही पिल्ले काळी पडलेली होती. ही गोष्ट त्याने चेशंट येथील संशोधन केंद्रात काम करणारे कीटकशास्त्रज्ञ ई. आर. स्पायर यांच्या नजरेस आणून दिली. ती काळी पिल्ले जपून ठेवली असता त्यांतून पांढऱ्या माश्या बाहेर पडल्या नाहीत. त्यांतून बाहेर पडली एक अगदी चिमुकली गांधीलमाशी.

या गांधीलमाशीचे शास्त्रीय नाव एन्कार्शिया फॉर्मोसा. तिचे महत्त्व स्पायर यांनी ताबडतोब ओळखले आणि तिची पैदास सुरू केली. थोड्याच वर्षांत चेशंटच्या केंद्रातून दरसाल सुमारे पंधरा लक्ष गांधीलमाश्या इंग्लंडमधील आठशेच्या आसपास बागांना पुरवल्या जाऊ लागल्या. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतही त्या पाठवण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी रासायनिक कीटकनाशके बाजारात आली आणि या उपयुक्त कीटकाचा लोकांना जवळजवळ विसर पडला. परंतु रसायनांना न जुमानणाऱ्या किडी निर्माण होऊ लागल्या, तेव्हा १९७० नंतरच्या दशकात युरोपातील बागाईतदार पुन्हा एन्कार्शियाकडे वळले. आज जगातील अनेक देशांत काचगृहांमध्ये तिचा नियमाने उपयोग केला जातो.

दरम्यान, पांढऱ्या माशीचा आणखी एक शत्रू माणसाच्या हाती आला होता. तो म्हणजे कवक, अर्थात आपण ज्याला व्यवहारात बुरशी म्हणतो तो. येथूनच या पुस्तिकेचा प्रश्न सुरू होतो. गांधीलमाशी ही बागाईतदाराची मैत्रीण आणि कवक हाही त्याचा मित्र. परंतु दोघांचे भक्ष्य एकच. मग एकाच पानावर दोघांची गाठ पडली म्हणजे काय होते? कवकाची फवारणी केल्याने आपण आपल्याच मैत्रिणीचा घात तर करीत नाही ना?

शत्रूची ओळख

प्रथम पांढऱ्या माशीची ओळख करून घेऊ. काचगृहातील पांढरी माशी ही खरी माशी नव्हे. मावा आणि खवले कीड यांच्या कुळाशी नाते असलेला हा रस शोषणारा कीटक आहे. त्याची लांबी दीड ते दोन मिलिमीटर असून त्याचे पंख पांढऱ्या मेणचट भुकटीने माखलेले असतात. मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडा वेळ चालते, योग्य जागा सापडताच आपली सोंड पानात खुपसते आणि तेथेच खिळून बसते. त्यानंतर ते जागचे हलत नाही. एखाद्या चपट्या खवल्याप्रमाणे ते पानाला चिकटून राहते आणि कात टाकीत टाकीत वाढते.

हे पिल्लू पानातील रस शोषते आणि मधासारखा चिकट द्रव बाहेर टाकते. त्या द्रवावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. पाने व फळे काळवंडतात, झाड निस्तेज होते आणि मालाला भाव येत नाही. काचगृहातील ऊब आणि ओलावा झाडांप्रमाणेच या किडीलाही मानवतो. बाहेरचा पाऊस, वारा आणि नैसर्गिक शत्रू तेथे पोहोचत नसल्यामुळे किडीची वाढ झपाट्याने होते.

गांधीलमाशीचे कार्य

एन्कार्शियाला गांधीलमाशी म्हटले, तरी घराच्या वळचणीला पोळे बांधणाऱ्या व डंख मारणाऱ्या गांधीलमाशीचे चित्र वाचकांनी डोळ्यांपुढे आणू नये. हिची लांबी जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर. म्हणजे या पानावरील पूर्णविरामाच्या टिंबाहून ती फारशी मोठी नाही. डोके व छाती गडद रंगाची, पोट पिवळे. माणसाला तिच्यापासून कोणताही उपद्रव होत नाही.

मादी पानावर चालत फिरते आणि आपल्या मिशांनी पृष्ठभाग चाचपते. पांढऱ्या माशीचे पिल्लू लागले की त्याची लांबीरुंदी मिशांनी तपासून पाहते, आणि ते पसंत पडल्यास आपली सुईसारखी अंडनलिका त्याच्या शरीरात खुपसून आत एक अंडे घालते. साधारण चौथ्या दिवशी अंडे फुटून आतील अळी बाहेर येते आणि पिल्लाचे शरीर आतून खाऊ लागते. आठदहा दिवसांनी ते पिल्लू काळे पडते. एल्स्ट्रीच्या बागाईतदाराला दिसलेला काळेपणा तो हाच. शेवटी सुमारे तीन आठवड्यांनी त्या काळ्या कवचाला गोल भोक पाडून नवी गांधीलमाशी बाहेर पडते. ऊब अधिक असेल तर हा काळ कमी होतो, थंडीत तो वाढतो.

येथे आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, या जातीत नर क्वचितच आढळतात. मादीच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जीवाणू राहतात आणि त्यांच्यामुळे नराशी संयोग न होताच मादीपासून माद्याच जन्मास येतात. दुसरी ही की, मादी काही पिल्लांना अंडनलिकेने टोचून त्यांचा रक्तद्रव पिते. अशा पिल्लात ती अंडे घालीत नाही, पण ते पिल्लूही मरते. म्हणजे एकच कीटक दोन मार्गांनी किडीचा नाश करतो.

बागाईतदाराच्या हाती हा मित्र येतो तो कागदी पट्ट्यांच्या रूपाने. काळ्या पडलेल्या पिल्लांची कवचे या पट्ट्यांवर चिकटवलेली असतात. पट्ट्या झाडांवर टांगल्या की काही दिवसांत गांधीलमाश्या बाहेर पडून आपल्या कामाला लागतात.

मात्र तिच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत. तापमान अठरा अंश सेल्सियसच्या खाली गेले की तिच्या हालचाली मंदावतात. काकडीच्या लवदार पानावर तिला चालणे अवघड जाते. किडीचा उपद्रव फार वाढून पाने चिकट द्रवाने माखली, तर तिचा बराच वेळ आपले अंग स्वच्छ करण्यात जातो. अशा वेळी दुसऱ्या साहाय्यकाची गरज भासते.

कवकाचे कार्य

कीटकांना मारणाऱ्या कवकांचा शोध प्रथम लागला तो एका आपत्तीतून. इटलीत रेशमाचे किडे पांढऱ्या बुरशीने माखून मरत असत. हा रोग एका सूक्ष्म कवकामुळे होतो, हे अगोस्तिनो बासी यांनी १८३५ साली सिद्ध केले. त्यांच्या स्मरणार्थ त्या कवकास आज बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात. जे कवक रेशमाच्या किड्यांना मारते ते पिकावरील किडींना का मारणार नाही, हा विचार पुढे अनेकांनी केला. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी १८७९ साली गव्हाच्या भुंगेऱ्यावर मेटारायझियम या कवकाचे प्रयोग केले. अमेरिकेत फ्लॉरिडा येथे विसाव्या शतकाच्या आरंभी लिंबूवर्गीय झाडांवरील पांढऱ्या माशीविरुद्ध अ‍ॅशरसोनिया या तांबूस कवकाचा उपयोग करण्यात आला. इंग्लंडमध्ये लिट्लहॅम्प्टन येथील काचगृह पीक संशोधन संस्थेत झालेल्या कार्यातून व्हर्टिसिलियम लेकॅनी या कवकापासून तयार केलेली द्रव्ये १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत बाजारात आली. त्यांतील एक मावा किडीसाठी होते आणि दुसरे पांढऱ्या माशीसाठी.

नावांच्या सारखेपणामुळे येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. कवकनाशक म्हणजे पिकावरील भुरीसारख्या बुरशीजन्य रोगांना मारणारे औषध. आपण ज्याचा विचार करीत आहोत ते कवकजन्य कीटकनाशक, म्हणजे कवकाच्या जिवंत बीजाणूंपासून केलेले किडीवरील औषध. ही दोन द्रव्ये एकत्र मिसळली, तर पहिले दुसऱ्याचा नाश करण्याची भीती असते.

कवकाचे बीजाणू पाण्यात मिसळून पानांवर फवारले जातात. कीटकाच्या अंगावर पडलेला बीजाणू त्याच्या कवचाला चिकटतो. हवेत भरपूर ओलावा असला तर तो रुजतो आणि त्यास कोंब फुटतो. कीटकाचे कवच प्रथिने व कायटिन या द्रव्यांचे बनलेले असते. ती द्रव्ये विरघळवणारी वितंचके कवक स्रवते आणि आत शिरकाव करते. एकदा रक्तद्रवात प्रवेश झाला की त्याच्या सूक्ष्म पेशी झपाट्याने वाढतात आणि काही दिवसांत कीटक मरतो. पोटात जाऊन बाधणारे हे विष नव्हे. म्हणूनच पानातील रस शोषणाऱ्या किडींवरही ते लागू पडते.

परंतु कवकाला डोळे नाहीत, मिशा नाहीत आणि पायही नाहीत. बीजाणू जेथे पडेल तेथेच त्याचे भवितव्य ठरते. ओलावा कमी पडला तर तो रुजत नाही, प्रखर सूर्यप्रकाशात तो फार काळ टिकत नाही. फवारा ज्या पानाच्या खालच्या बाजूस पोहोचला नाही, तेथील कीड सुरक्षित राहते. गांधीलमाशी शोधून मारते आणि कवक सापडेल त्यास मारते, असा दोघांच्या स्वभावातील भेद आहे.

तिसरा दिवस आणि चौथा दिवस

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पिल्लात गांधीलमाशीचे अंडे आहे आणि त्याच पिल्लावर कवकाचा बीजाणू पडला, तर शेवटी जगतो कोण?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास नेदरलँड्समधील फ्रान्सेन आणि फान लेंटेरेन या शास्त्रज्ञांनी केला व त्याचे निष्कर्ष १९९३ आणि १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी एन्कार्शिया आणि अ‍ॅशरसोनिया ही जोडी निवडली. गांधीलमाशीने अंडी घातल्यानंतर निरनिराळ्या दिवशी त्या पिल्लांवर बीजाणूंची फवारणी करण्यात आली आणि किती गांधीलमाश्या बाहेर पडतात हे पाहण्यात आले.

उत्तर मोठे उद्बोधक होते. अंडे घातल्यापासून पहिल्या तीन दिवसांत फवारणी झाली, तर बाहेर पडणाऱ्या गांधीलमाश्यांची संख्या पुष्कळच घटली. कवकाने पिल्लू मारले आणि त्याबरोबर आतील अंड्याचाही अंत झाला. परंतु चौथ्या दिवशी किंवा त्यानंतर फवारणी केली असता गांधीलमाशीच्या वाढीस फारशी बाधा आली नाही. चौथा दिवस हा अंडे फुटून अळी बाहेर येण्याचा दिवस, हे आपण वर पाहिलेच आहे. अळी एकदा आत वाढू लागली की त्या पिल्लाच्या शरीराची स्थिती पालटते आणि कवकाचा तेथे पूर्वीसारखा जम बसत नाही. एकाच घरावर दोघांनी हक्क सांगितला असता ज्याचे पाऊल आत आधी स्थिरावले त्याचे ते घर झाले.

प्रश्नाची दुसरी बाजूही तपासण्यात आली. पिल्लाला कवकाची बाधा आधीच झाली असेल, तर गांधीलमाशी त्यात अंडे घालते काय? बाधा अगदी नवी असताना तिला ती ओळखता येत नाही आणि तिचे अंडे वाया जाते. मात्र कवकाच्या पेशी रक्तद्रवात पसरल्यानंतर तिची अंडनलिका आत शिरताच तिला फरक कळतो आणि बहुधा ती ते पिल्लू सोडून देते. तेथून ती निरोगी पिल्लांच्या शोधास जाते. म्हणजे कवकाच्या फवाऱ्यातून निसटलेली पिल्लेच तिच्या वाट्याला येतात. बागाईतदाराच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची श्रमविभागणी कोणती असू शकेल?

प्रौढ गांधीलमाशीचे काय?

अ‍ॅशरसोनिया हे कवक मुख्यत्वे पांढऱ्या माशीवर व खवले किडीवर जगते. प्रौढ गांधीलमाशीला त्यापासून भय नाही. सर्वच कवके मात्र अशी नेमकी नसतात. बिव्हेरिया बॅसियानाने ग्रासलेल्या कीटकांच्या सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. असे कवक गांधीलमाशीला सोडील, असे गृहीत धरता येत नाही. प्रयोगशाळेत बंद भांड्यात, भरपूर ओलावा ठेवून, बीजाणूंचा दाट फवारा थेट अंगावर मारला तर परजीवी गांधीलमाश्या आजारी पडून मरू शकतात.

तथापि प्रयोगशाळेतील भांडे आणि काचगृह यांत अंतर आहे. काचगृहात गांधीलमाशी उडून जाते, आपले अंग पायांनी साफ करते आणि पुष्कळदा फवारा वाळल्यानंतरच पानावर येते. तिच्या वाट्याला येणारे बीजाणू थोडे असतात आणि दिवसा हवा कोरडी होत असल्यामुळे त्यांतील थोडेच रुजतात. म्हणून शास्त्रज्ञ दोन गोष्टींत भेद करतात : एखाद्या कवकाची बाधा होणे शक्य असलेले कीटक वेगळे आणि प्रत्यक्ष परिस्थितीत ज्यांना बाधा होते ते कीटक वेगळे. पहिली यादी नेहमीच दुसरीपेक्षा मोठी असते.

हे लक्षात घेऊनच, कोणतेही कीटकनाशक मित्रकीटकांना किती बाधक आहे हे पायरीपायरीने तपासण्याची पद्धत जैविक नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रूढ केली. पहिली परीक्षा प्रयोगशाळेत, जितकी कठोर करता येईल तितकी. तीत मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसपेक्षा कमी आढळले, तर ते द्रव्य निरुपद्रवी समजावे. अधिक आढळले, तर त्यास लगेच दोषी न ठरवता निमशेती परिस्थितीत आणि नंतर प्रत्यक्ष शेतात पुन्हा तपासावे. पहिल्या परीक्षेतील यश पुरेसे मानावे, परंतु पहिल्या परीक्षेतील अपयश अखेरचे मानू नये, असा या पद्धतीचा आशय आहे. येथे एक सावधगिरीची सूचनाही केली पाहिजे. काही द्रव्यांत बीजाणू तेलात कालवलेले असतात आणि ते तेलही चिमुकल्या कीटकांना बाधू शकते. म्हणून परीक्षा केवळ कवकाची न करता विक्रीस असलेल्या संपूर्ण द्रव्याची करावी लागते.

वेळापत्रकाचे महत्त्व

या ज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग, हे एका साध्या हिशेबाने पाहू. गांधीलमाश्या दररोज सारख्याच संख्येने अंडी घालतात आणि फवारणीचा परिणाम तेवढ्या दिवसापुरताच राहतो, असे सोयीसाठी धरू. फवारणीच्या दिवशी ज्या अंड्यांना तीन दिवसांहून अधिक काळ लोटलेला नाही ती धोक्यात येतील. फवारणी दर सात दिवसांनी केली, तर सात दिवसांतील अंड्यांपैकी तीन दिवसांची, म्हणजे जवळजवळ शेकडा त्रेचाळीस अंडी धोक्यात आली. तीच फवारणी चौदा दिवसांनी केली, तर हे प्रमाण शेकडा एकवीसवर येते. प्रत्यक्षात बीजाणू पानावर काही काळ टिकतात आणि अंडी दररोज सारखी घातली जात नाहीत. तेव्हा हे आकडे केवळ दिशा दाखवणारे समजावेत. परंतु दिशा स्पष्ट आहे. एकच औषध, तीच मात्रा आणि तोच फवारा असूनही केवळ दिवसांच्या अंतराने मित्राची हानी निम्म्यावर येते.

म्हणून दोघांचा एकत्र उपयोग करताना क्रम पाळावा लागतो. किडीचा उपद्रव थोडा असेल, तर प्रथम गांधीलमाश्या सोडाव्यात आणि पुष्कळशी पिल्ले काळी पडेपर्यंत फवारणीची घाई करू नये. पिल्लू काळे पडले, याचा अर्थ धोक्याचे दिवस त्याने केव्हाच ओलांडले आहेत. काही झाडांवर कीड फारच माजली असेल, तर तेवढ्याच झाडांवर प्रथम कवकाची फवारणी करावी, बाधा अंगात मुरण्यास काही दिवस द्यावेत आणि मग गांधीलमाश्या सोडाव्यात. फवारणी संध्याकाळी करावी. रात्रीच्या ओलाव्यात बीजाणू चांगले रुजतात आणि त्या वेळी गांधीलमाश्यांची हालचालही कमी असते.

आपल्या देशातील संदर्भ

काचगृहातील हा प्रश्न उघड्या शेतातही उभा राहतो. २०१६ साली तमिळनाडूतील पोल्लाची भागात नारळाच्या झाडांवर चक्राकार अंडी घालणारी एक परदेशी पांढरी माशी प्रथमच आढळली आणि दक्षिणेकडील राज्यांत ती झपाट्याने पसरली. तिच्या पिल्लांवर एन्कार्शिया ग्वाडेलूपी ही एन्कार्शिया फॉर्मोसाची भगिनीजात जगताना दिसून आली. या गांधीलमाश्यांचे रक्षण व्हावे म्हणून रासायनिक फवारणी टाळण्याचा सल्ला देण्यात आला आणि बंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राने आयसेरिया फ्युमोसोरोसिया या कवकाच्या एका वाणाची शिफारस केली. म्हणजे नारळाच्या झावळीवरही तेच दोन मित्र एकत्र आले.

आपल्याकडे बिव्हेरिया, मेटारायझियम व व्हर्टिसिलियम या कवकांपासून केलेली द्रव्ये १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये नोंदली जातात आणि पॉलिहाऊसमधील फुले व भाज्या पिकवणारे शेतकरी ती वापरतात. जेथे रेशमाचे किडे पाळले जातात, तेथे मात्र बिव्हेरियाच्या बाबतीत बासी यांच्या शोधाचे स्मरण ठेवणे इष्ट आहे. ज्या रोगातून हे औषध जन्मले, तो रोग त्या किड्यांना आजही होऊ शकतो.

जैविक कीटकनाशक म्हटले की ते सर्वस्वी निर्धोक असणार, अशी समजूत पुष्कळांची असते. रासायनिक तेवढे घातक व जैविक तेवढे हितकर, ही विभागणी सोपी असली तरी पुरेशी नाही. कवक हा सजीव आहे, गांधीलमाशी हीही सजीव आहे आणि दोघांनाही आपापला निर्वाह करावयाचा आहे. त्यांची मैत्री आपल्याशी आहे, परस्परांशी नाही. ती परस्परांशी जुळवून देण्याचे काम माणसाचे आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन खर्चाचे नाही. पान उलटून पाहावे, काळी व पांढरी पिल्ले मोजावीत, दिवस लिहून ठेवावेत. एल्स्ट्रीच्या बागाईतदाराने १९२६ साली पान उलटून पाहिले आणि एक मित्र जगाच्या उपयोगी पडला. तो मित्र राखावयाचा असेल, तर फवारणीच्या पंपाला हात घालण्यापूर्वी आपणही तेच केले पाहिजे.